उड्डाणापूर्वीची प्रदक्षिणा

जयपूरहून टोंककडे जाताना महामार्गावर चाकसू लागते. त्याच्या पुढे निवाईजवळ वनस्थली विद्यापीठ आहे. हीरालाल शास्त्री व रतन शास्त्री यांनी १९३५ साली स्थापन केलेल्या या संस्थेने मुलींना विमान चालवण्याचेही शिक्षण दिले. वनस्थली असो वा बारामती, प्रशिक्षणार्थीचा पहिला धडा जमिनीवरच सुरू होतो. तो म्हणजे विमानाभोवतीची प्रदक्षिणा.

मोटार बिघडली, तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला आकाशात थांबता येत नाही. म्हणून दोष जमिनीवरच शोधावा, हे या तपासणीमागील तत्त्व होय.

आरंभी वैमानिक इंजिनाचे स्विच बंद असल्याची खात्री करतो. कारण चुकून फिरलेला पंखा प्राणघातक ठरतो. मग तो ठरलेल्या क्रमाने एका बाजूने निघून पुन्हा त्याच जागी येतो. पंखांच्या व शेपटीच्या हलत्या पट्ट्या, त्यांच्या बिजागऱ्या, चाके, ब्रेक आणि इंजिनातील तेल तो पाहतो. पुढील पंख्याच्या पात्यावर तो बोट फिरवतो. लहानशा खाचेतूनही पुढे तडा वाढू शकतो. टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढले जाते. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने ते तळाशी वेगळे दिसते.

अँटेनांकडे अनेकदा दुर्लक्ष होते. पण त्या विमानाचे कान व वाचा आहेत. नियंत्रण कक्षाशी बोलण्यासाठीची अँटेना बहुधा काठीसारखी असते. दिशादर्शक संकेत घेणारी अँटेना अनेक विमानांत शेपटीवर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी दिसते. उपग्रहांचे संकेत टिपणारी अँटेना वरच्या बाजूस असते, तर रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राची छोटी अँटेना पोटाखाली असते. तिच्यावर तेल व चिखल साचतो. प्रत्येक अँटेना घट्ट बसली आहे का, तिला तडा गेला आहे का, बुडाशी फट पडून पाणी शिरत आहे का, हे पाहावे लागते. सैल जोडणीमुळे ऐन वेळी संभाषण तुटू शकते.

हवेचा दाब मोजणारी छिद्रेही तितकीच महत्त्वाची. वेग आणि उंची दाखवणारी उपकरणे त्यांवरच अवलंबून असतात. १९९६ साली पेरू देशात एका प्रवासी विमानाच्या या छिद्रांवरील चिकटपट्टी धुलाईनंतर काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना खरी उंची कळेना. विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ७० जण मृत्युमुखी पडले.

केवळ स्मरणशक्तीवर विसंबणे किती धोक्याचे, हे ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटन येथे दिसून आले होते. बोईंगचे नवे बॉम्बफेकी विमान अनुभवी वैमानिकांच्या हाती होते. वाऱ्याने शेपटीच्या पट्ट्या हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहिला. विमान कोसळले आणि अपघातात दोघांचा अंत झाला. त्यानंतर तपासणीची छापील यादी वापरण्याची पद्धत रूढ झाली.

आजही शिकाऊ आणि अनुभवी वैमानिक अशीच यादी हाती घेतात. एखाद्या बाबीविषयी शंका उरली, तर ती मिटेपर्यंत विमान जमिनीवरच ठेवायचे असते. ऊन तापलेले असो, उशीर झालेला असो की प्रवासी खोळंबलेले असोत, ही प्रदक्षिणा अपुरी सोडता येत नाही.