मराठी शब्दसंस्करण प्रणाली
मराठी शब्दसंस्करण प्रणाली म्हणजे संगणकावर देवनागरी मजकूर लिहिण्याची, सुधारण्याची व छापण्याची आज्ञावली होय. वारणानगर परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला. अशा जाळ्यात एका ठिकाणी लिहिलेला मराठी मजकूर सर्वत्र वाचता येणे आवश्यक असते. त्या काळी मजकूर बहुधा विशिष्ट टंकावर अवलंबून असे. तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला ठरावीक क्रमांक असल्याने टंक बदलला तरी मजकूर शाबूत राहतो व शोधताही येतो. त्यामुळे प्रणाली निवडताना युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलकाची सोय पाहतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद नीट उमटतो का, हेही तपासतात. लिबरऑफिस रायटर हा विनामूल्य पर्याय आहे.