शहरांची नवी घरं, भाग ५ : लाकूड हलकं पडलं तेव्हा

नॉर्वेतलं ब्रुमुंडाल हे काही मोठं शहर नव्हे. ऑस्लोच्या उत्तरेला, म्योसा तलावाकाठचं एक गाव. तिथे मार्च २०१९ मध्ये १८ मजली, ८५.४ मीटर उंचीची इमारत पुरी झाली. नाव म्योस्टोर्ने, म्हणजे म्योसाचा मनोरा. तिच्यात कचेऱ्या आहेत, हॉटेल आहे, राहती घरंही आहेत. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, वाऱ्याला तोंड देणारे तिरके आधारही लाकडाचे. एवढ्या हौसेनं लाकूड वापरणाऱ्यांनी वरच्या सात मजल्यांच्या जमिनी मात्र काँक्रीटच्या केल्या!

लाकूड वजन पेलायला कमी पडत होतं म्हणून नव्हे, त्याला स्वतःलाच पुरेसं वजन नव्हतं म्हणून. स्प्रूसचं लाकूड काँक्रीटच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं भरतं. पाया लहान करायला हा गुण उत्तम; पण उंचावर जोराचा वारा सुटला की हलकी इमारत डुलते. ती पडत नाही, पण वर राहणाऱ्याला मळमळतं. माथ्यावर भार टाकला की डुलणं संथ होतं.

हे लाकूड म्हणजे वाड्यातला कडीपाट नव्हे. तिथे कड्यांवर फळ्या टाकत. इथे 'सीएलटी'ची अखंड लादीच कारखान्यातून येते : फळ्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, मध्ये गोंद आणि वर दाब. प्लायवूडचा थोरला भाऊच म्हणा. खांब-तुळयांसाठी 'ग्लूलॅम', त्यात सगळ्या फळ्या एकाच दिशेनं चिकटवलेल्या. दारं-खिडक्यांच्या जागाही कारखान्यातच कापून येतात, त्यामुळे जागेवर काम उरतं जोडणीचं. लंडनच्या हॅकनी भागातल्या नऊ मजली स्टाडहाउसचा लाकडी सांगाडा चार सुतारांनी २७ दिवसांत उभा केला. व्हँकुव्हरला विद्यापीठाचं १८ मजली वसतिगृह २०१७ मध्ये झालं, त्याच्या लाकडी भागाला सत्तर दिवसही लागले नाहीत.

आता आगीचं. १८२८ मध्ये शनिवारवाड्याचे लाकडी मजले जळाले ते पुण्याला अजून आठवतं, तेव्हा शंका रास्तच आहे. पण काडी आणि ओंडका एकसारखे पेटत नाहीत. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं, मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर, आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला झाकतो. म्हणून खांब गरजेपेक्षा जाड करतात : बाहेरचा भाग जळण्यासाठी, आतला भार घेण्यासाठी. सांध्यांतल्या पोलादी पट्ट्याही लाकडाच्या पोटात दडवतात, कारण सहाशे अंशांच्या आसपास पोलादाची निम्मी ताकद जाते. खरी भीती वेगळीच आहे. तापून गोंद सुटला आणि सीएलटीचा एखादा थर गळून पडला, तर आगीला कोरं लाकूड मिळतं. म्हणूनच व्हँकुव्हरच्या वसतिगृहात लाकडावर जिप्समचे थर चढवले. लाकडी घरात राहून लाकूड दिसत नाही, ही थोडी गंमतच.

हा खटाटोप कार्बनसाठी. सिमेंटच्या भट्ट्यांतून जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा सात-आठ टक्के भाग निघतो. उलट एका घनमीटर स्प्रूसमध्ये झाडानं हवेतून ओढलेला सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइड कार्बनरूपात बंद असतो. मात्र ही मुदतठेव आहे. तोडलेल्या जागी नवी झाडं वाढली नाहीत, किंवा इमारत पाडून लाकूड जाळलं, की ठेव मोडली. बिल्डरांच्या माहितीपत्रकात हा तपशील सहसा बारीक अक्षरांत असतो.

अमेरिकेत मिलवॉकीला २०२२ मध्ये २५ मजली 'असेंट' झाली. खालचे मजले आणि जिन्या-लिफ्टचे गाभे काँक्रीटचे, वरचे १९ मजले लाकडाचे, घरं २५९. इंग्लंड मात्र उलट्या दिशेनं गेलं. २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत पेटलं होतं ते बाहेरचं आवरण, सांगाडा काँक्रीटचाच होता. पण २०१८ च्या नियमानं १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील काहीच चालेनासं झालं, आणि त्यात सीएलटीही आलं. २००९ मध्ये जगाला वाट दाखवणारं स्टाडहाउस आज हॅकनीत तसंच्या तसं बांधता येणार नाही.