ट्यूबलाइटभोवतीची पाखरं आणि छातीतली धडधड

पहिला पाऊस पडून गेला की आर्वी, हिंगणघाट, सेलूकडच्या घरांत संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पाखरं जमतात. सकाळी झाडू मारताना नुसते पंख सापडतात. ही वाळवी. जुने वारूळ सोडून नवे वसवायला ती उडते, पंख गाळते, जोडीदारासह मातीत शिरते. माणसाला ती चावत नाही. घरात येणारे पतंगही बहुतेक निरुपद्रवीच.

तरी काहींना ती दिसताच घाम फुटतो, छाती धडधडते, खोली सोडून पळावेसे वाटते. घरचे हसतात, "एवढी मोठी झाली अन् पाखराले भेते!" पण समजा, दहावीतली मुलगी याच भीतीने पावसाळाभर दिवा बंद करून बसू लागली, तर हसण्यासारखे काय उरले? अभ्यास बुडतो तो तिचा.

"ते माझ्याच अंगावर येते," असे अशी माणसे सांगतात. तसे नसते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दिसले, की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात. आकाश वर आहे हे त्यांना एरवी उजेडावरूनच कळते. दिव्याजवळ हा अंदाज चुकतो, म्हणून ते गरगरतात, उलटे होतात, आपल्यावर आदळतात. तुम्ही त्यांच्या हिशेबातच नसता.

हे कळूनही भीती जात नाही, कारण ती पळण्यावर पोसली जाते. पळालो की लगेच बरे वाटते आणि मेंदू शिकतो, 'पळालो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी भीती आधीच उभी.

उपाय उलट दिशेचा, पण पायरीपायरीने. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला होता, भीती गेली. घरी आधी चित्र पाहा. मग गळलेले पंख, मग बरणीत बंद जिवंत पाखरू, शेवटी दिवा लावलेली खोली. प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबा. गमतीने कुणाच्या अंगावर किडा टाकणे हा मात्र उपचार नव्हे, छळ आहे.

भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली, शाळा किंवा झोप बिघडली, तर मानसोपचार विभागात जा; सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तो आहे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. हे वेड नाही आणि बाहेरची बाधा तर नाहीच. मांत्रिकाला पैसे देऊ नका.

सगळेच किडे निरुपद्रवी असतात असेही नाही. डास आणि गांधीलमाशीपासून जपायलाच हवे. पावसाळ्यात दिव्याशी येणारा मुंगीएवढा, लांबट, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा किडा चावत नाही, पण चिरडला तर त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. तो अंगावर बसला तर फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा.