न पाहिलेला गेंडा

नातवाच्या पुस्तकात परवा एक जुनं चित्र दिसलं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५१५ साली लाकडी ठशावरून छापलेला गेंडा. अंगावर चिलखत चढवून रिबिटं ठोकल्यासारखा, पायांवर खवले आणि खांद्यावर आणखी एक चिमुकलं शिंग! "आजोबा, असा असतो गेंडा?" नसतो. ड्यूररने तो पाहिलाच नव्हता.

गेंडा मात्र खरा होता, आणि आपल्या शेजारचा. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याने १५१४ मध्ये गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवून दीवला किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने ती नाकारली; पण पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसं धाडायचं? दिला गेंडा. (कर्ज नाकारताना आम्ही बँकवाले निदान चहा पाजत असू.) अल्बुकर्कने ते धूड राजा मानुएलकडे रवाना केलं. जानेवारी १५१५ मध्ये निघालेलं जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. सोबत ओसेम नावाचा भारतीय रखवालदार होता. चार महिने हलत्या जहाजात गेंड्याचा शेजार म्हणजे काही चेष्टा नव्हे.

रोमन काळानंतर युरोपला जिवंत गेंडा ठाऊक नव्हता. हत्ती आणि गेंडा हाडवैरी, असं जुन्या ग्रंथांत लिहिलेलं. राजाने ३ जूनला दोघांना समोरासमोर उभं केलं. हत्ती बिचारा पळून गेला.

ही हकीकत एका रेखाटनासह न्यूरेंबर्गला पोचली आणि ड्यूररने तीवरून चित्र केलं. वर मजकूर छापला : ठिपकेदार कासवाच्या रंगाचं हे जनावर हुबेहूब असंच आहे! मला हसू आलं, मग जरा ओशाळलोही. म्हशींसाठी कर्ज देताना गोठ्यात जाऊन जनावर पाहायचं, कानातला बिल्ला तपासायचा, असा नियम होता. एका पावसाळ्यात ओढा उतरेना, म्हणून मी अलीकडूनच 'समक्ष पाहिले' असं लिहून सही ठोकली होती. ती म्हैस खरोखर होती, हे माझं नशीब.

ड्यूररचा गेंडा मात्र अठराव्या शतकापर्यंत पुस्तकांतून खरा म्हणून फिरला. त्याच वर्षी हान्स बुर्कमायरनेही गेंडा छापला होता. त्यात चिलखत नाही. कातडीच्या घड्या आहेत आणि पुढच्या पायांना दोरखंड. अधिक खरं चित्र तेच. पण त्याची एकच प्रत उरली आहे, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात.

डिसेंबरात राजाने गेंडा पोप दहावा लिओ याला भेट म्हणून पाठवला. गळ्यात हिरव्या मखमलीचा, फुलांनी सजवलेला पट्टा. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंडा उत्तम पोहतो. हा डेकला साखळदंडाने बांधलेला होता.