अ‍ॅपलेचियन वाटेवरच्या निवाऱ्यांची नोंद

घराला टेकून, एका बाजूला उतरते छप्पर देऊन काढलेल्या जागेला मराठीत पडवी म्हणतात. घर वगळून नुसती पडवीच रानात उभी केली, तर जे दिसेल ते अमेरिकेतले ‘लीन-टू’. तिन्ही बाजूंना ओंडक्यांच्या भिंती, चौथी बाजू उघडी, मागे उतरत गेलेले छप्पर आणि जमिनीपासून थोडी उंच, फळ्यांची निजायची जागा. दार नाही, खाट नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत एकोणिसाव्या शतकात वाटाडे आपल्या पाहुण्यांसाठी झाडाच्या सालींचे असे आडोसे उभारीत. उघड्या बाजूसमोर शेकोटी पेटवली की छपराखाली ऊब कोंडून राही. पुढे सालींच्या जागी ओंडके आले. रूप मात्र तेच राहिले.

अशा निवाऱ्यांची एक लांब रांग अ‍ॅपलेचियन ट्रेलवर आहे. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत ही पायवाट 14 राज्यांतून सुमारे 3,500 किलोमीटर जाते आणि तिच्यावर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. बेंटन मकाय यांनी 1921 मध्ये ही वाट सुचवली, तेव्हाच एका दिवसात आरामात चालून होईल इतक्या अंतरावर मुक्कामाच्या जागा असाव्यात असे मांडले होते. वाट 1937 मध्ये सलग झाली. आज दोन निवाऱ्यांत सरासरी 13 किलोमीटर अंतर पडते. पण सरासरीवर विसंबून कोणी चालत नाही. पुढचा निवारा नेमका किती दूर, हे सांगणारी यादी लागते.

ट्रेलची देखरेख करणारी संस्था ‘डेटा बुक’ नावाची अशी यादी छापते. तिच्यात वर्णन जवळजवळ नसते. ठिकाणाचे नाव, दक्षिण टोकापासूनचे अंतर, उत्तर टोकापासूनचे अंतर, आणि निवारा, पाणी, रस्ता यांच्या खुणेची अक्षरे, एवढाच मजकूर. अंतर मैलात आणि एका दशांशापर्यंत असते. हा आकडा नकाशावर दोरा लावून निघत नाही. संस्थेचे आरंभीचे अध्यक्ष मायरन एव्हरी मोजणीचे चाक ढकलत ही वाट चालले होते. चाकाने मोजलेली अंतरेही कायम टिकत नाहीत. धूप झाली, जमिनीची मालकी बदलली, की वाटेचा एखादा तुकडा हलवावा लागतो आणि त्यापुढच्या प्रत्येक निवाऱ्याचा आकडा सरकतो. यादी पुन्हा पुन्हा छापावी लागते ती यासाठीच.

दिशेची पद्धत नवख्याला चकवते. यादीत ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ होकायंत्राप्रमाणे नसतात. उत्तरेकडे निघालेल्याच्या उजव्या हाताला जे असेल ते पूर्व, डाव्या हाताला असेल ते पश्चिम. मग वाट त्या ठिकाणी कुठेही वळलेली असो. वळणावळणाच्या डोंगरात हाच व्यवहार सोयीचा आहे, कारण धुक्यात चालणाऱ्याला फक्त कोणत्या हाताला वळायचे ते कळायला हवे. मुख्य वाटेवर पांढऱ्या रंगाचे पट्टे असतात. निवाऱ्याकडे किंवा पाण्याकडे फुटणाऱ्या वाटेवर निळे.

सर्वांत काळजीने करावी लागते ती पाण्याची नोंद. छप्पर जागा सोडून जात नाही, पण झरा उन्हाळ्याच्या अखेरीस आटतो. म्हणून चांगल्या यादीत पाणी आहे एवढे लिहून भागत नाही. ते झऱ्याचे की ओढ्याचे, किती पावलांवर, चढून आणायचे की उतरून, कोरड्या दिवसांत टिकते का, हेही हवे. निवाऱ्याच्या क्षमतेचा आकडा म्हणजे किती माणसे शेजारीशेजारी अंथरूण टाकू शकतात एवढाच हिशेब. बहुतेक ठिकाणी जो आधी येईल त्याला जागा मिळते. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात मात्र परवाना लागतो. तिथे अस्वलांमुळे शिधा तारेवर उंच टांगायची सोय असते, तीही नोंदवायची बाब. उंदरांची नोंद करायची गरज नाही, ते जवळजवळ सगळीकडे असतात.

दुसरी नोंद प्रत्यक्ष निवाऱ्यात ठेवलेली असते. ती म्हणजे एक साधी वही. येणारा नाव, तारीख, पुढचा बेत लिहितो. कोणता झरा आटला, कुठे झाड पडले तेही लिहितो. कोणी हरवले तर शोधपथक आधी हीच वही उघडते. छापील यादीपेक्षा ती ताजी असते, आणि निवाऱ्याची डागडुजी करणाऱ्या स्थानिक क्लबांच्या स्वयंसेवकांनाही तीच उपयोगी पडते.

निवारे कायमचे नसतात. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ओव्हरमाउंटन शेल्टर नावाचे लाल रंगाचे जुने कोठार होते, ट्रेलवरच्या सर्वांत मोठ्या निवाऱ्यांपैकी एक. बांधकाम धोक्याचे ठरल्यामुळे 2019 मध्ये ते मुक्कामासाठी बंद झाले. त्याआधी छापलेल्या याद्यांत ते अजूनही निवारा म्हणूनच आहे. तेव्हा यादी हातात घेताना तिच्यावरचे वर्ष आधी पाहावे.