चार टेराबाइट गेले कुठे?

एकदा मी सर्व्हरला दोन-दोन टेराबाइटच्या चार डिस्कचा रेड-5 संच जोडला. एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी म्हणून एकीइतकी जागा त्यात खर्ची पडते. उरायला हवे होते 6 टेराबाइट. पण गाडी दोनच्या आसपास अडली! डिस्क निर्दोष होत्या. दोष 1983 सालापासूनच्या ‘एमबीआर’ या नोंदपद्धतीचा. ती 32 बिटांत सुमारे 429 कोटी कप्पे मोजते, कप्पा 512 बाइटचा, म्हणजे 2.2 टेराबाइटला गणती संपते. उपाय ‘जीपीटी’ पद्धतीचा. मात्र ती लावताना चुकीची डिस्क निवडली, तर जुने दप्तर हातचे जाते. म्हणून मंडळी, आधी वेगळी प्रत काढा, डिस्कचा क्रमांक नि आकार ताडून पाहा, मगच बटण दाबा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. पुसण्याचा हुकूमही तो इमानेइतबारे पाळतो.