बिऱ्हाडासकट स्टुडिओ

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळं जपून ठेवलेली आहेत. भारतातला पहिला कथापट म्हणून जिथे जिथे दृश्यं दाखवली जातात, ती या रिळांतली असतात. दादरला तयार झालेला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला चित्रपट तो हाच, असं आपण धरून चालतो. चित्रपटाच्या इतिहासाचे अभ्यासक मात्र सांगतात की हाती उरलेली फिल्म बहुधा १९१७ची आहे. त्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी हीच कथा नव्याने चित्रित केली, आणि तोवर त्यांचं सगळं बस्तान नाशिकला हललं होतं. तसं असेल तर पडद्यावरच्या त्या राजवाड्यावर, त्या हौदातल्या पाण्यावर पडलेलं ऊन नाशिकचं आहे.

नाशिकला या गोष्टीचा जेवढा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही. फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, हे इथे सर्वांना पाठ आहे. पण १९१३ नंतरची अनेक वर्षं या गावात एक संस्था चालू होती, तिथे माणसं राहत होती, जेवत होती, शिकत होती आणि फिल्म धूत होती, याची आठवण फार पुसट झाली आहे. मला त्या संस्थेबद्दल लिहायचं आहे. फाळके अद्भुत बुद्धीचे होते यात वाद नाही. पण एकट्या माणसाच्या बुद्धीवर चित्रपट होत नाही. तो बिऱ्हाडावर झाला.

फाळके मुळात फोटोग्राफर. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग बडोद्याच्या कलाभवनात त्यांचं शिक्षण झालं. त्रिभुवनदास गज्जरांनी उभं केलेलं कलाभवन म्हणजे चित्रकलेपासून रसायनांपर्यंत सगळं हाताने करायला लावणारी शाळा होती. तिथून बाहेर पडून त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ थाटला. गाव लहान, पैसेवाली घरं आहेत, दुसरा फोटोग्राफर जवळपास नाही, असा साधा व्यापारी हिशेब त्यामागे होता. प्लेगने तो हिशेब मोडला. पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. बडोद्याला परत येऊन त्यांनी पुन्हा स्टुडिओ काढला, तर फोटो काढला की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन-फोटोग्राफर म्हणून नोकरी, ती सोडून लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना, मग दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. तिथे भागीदारांशी पटलं नाही आणि चाळिशीत ते हात हलवत बाहेर पडले. भागीदारांशी न पटणं ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे नाशिकलाही तीच आडवी आली.

गोध्र्याचा स्टुडिओ त्यांनी एकट्याने चालवला होता. नाशिकचा तसा नव्हता. हा फरक कुठून आला? याचं एक टोक विलायतेत सापडतं. १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून प्रवासाची सोय केली होती. लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवलं. हेपवर्थ यांचा थेम्सकाठच्या वॉल्टन गावातला स्टुडिओ तेव्हा इंग्लंडात नावाजलेला. पण तो वाढला होता घरातूनच. १९०५ साली त्यांनी काढलेल्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ या छोट्या चित्रपटात हेपवर्थ स्वतः, त्यांची पत्नी, त्यांची तान्ही मुलगी आणि घरचा कुत्रा असे सगळे होते. कथाही पत्नीचीच. त्याच्या इतक्या प्रती काढाव्या लागल्या की निगेटिव्ह झिजून गेली आणि तो दोनदा नव्याने चित्रित करावा लागला. हेपवर्थ यांनी फाळक्यांना स्टुडिओचे सगळे विभाग फिरवून दाखवले. तिथून फाळक्यांनी काय काय उचललं याची यादी कोणी केलेली नाही. मला वाटतं, घर आणि कारखाना एकाच आवारात नांदू शकतात, ही खात्री त्यांना तिथे मिळाली असणार.

दुसरं टोक आपल्याच मातीत होतं. नाटक मंडळी. किर्लोस्करांपासून पुढच्या सगळ्या मंडळ्या एकत्र राहायच्या, एका पंगतीला जेवायच्या, आणि एकत्र मुक्काम हलवायच्या. फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई किर्लोस्कर नाटक मंडळीशी नात्याने जोडलेल्या घरातल्या. साठ-सत्तर माणसांचं बिऱ्हाड म्हणजे काय असतं, हे त्या घरात कोणाला नव्याने सांगावं लागलं नसेल.

लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, छिद्रं पाडण्याचं यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची व्यवस्था झाली. यातलं छिद्रं पाडण्याचं यंत्र आपण सहसा विसरतो. त्या काळी कच्ची फिल्म बऱ्याचदा कडेला छिद्रं न पाडताच येई. कॅमेऱ्यातले, छपाईयंत्रातले आणि प्रोजेक्टरमधले दाते त्या छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढतात, म्हणून ती घरी पाडून घ्यावी लागत. तीही अंधाऱ्या खोलीत, कारण फिल्मला उजेड दिसला की संपलं. एका फुटात सोळा चित्रचौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा. म्हणजे ५९,२०० चौकटी आणि पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रं. यंत्र एका ठोक्यात काही छिद्रं पाडत असलं तरी एवढी फिल्म हाताखालून जायची, आणि ती फक्त एका लांबीची. वाया गेलेली फिल्म वेगळी, प्रत्येक नवी प्रत वेगळी. छिद्रात केसभर फरक पडला की पडद्यावर चित्र थरथरतं. हे काम सरस्वतीबाई करत. दिवसभराचा स्वयंपाक आणि मुलं आटोपल्यावर, रात्री.

त्यांच्या कामाची यादी इथे संपत नाही. रसायनं मिसळणं, फिल्म धुणं, जुळणीला मदत करणं, साठ-सत्तर माणसांचं जेवण रांधणं, आणि चित्रीकरण चालू असताना भर उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून उभं राहणं. चादरीचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. विजेचे मोठे दिवे नव्हते. राजवाडा असो की पर्णकुटी, नेपथ्याला छप्पर नसे, वरून ऊन यावं म्हणून. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. ती पांढऱ्या कापडावरून परतवलेल्या उजेडाने भरून काढावी लागते. चादर किती तिरपी धरायची, सूर्य सरकला की किती पावलं सरकायचं, हे छायाचित्रणाचंच ज्ञान आहे. ते सरस्वतीबाईंच्या हातांत होतं. दागिने गहाण टाकून नवऱ्याला साथ देणारी पतिव्रता, एवढ्यावर त्यांची गोष्ट आटोपणाऱ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला आहे. भारतीय चित्रपटातल्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचं नाव घ्यायला हवं.

‘राजा हरिश्चंद्र’ने पैसे मिळवून दिले आणि १९१३ मध्येच फाळक्यांनी मुंबई सोडली. नाशिकला गोदावरी होती, घाट होते, काळ्या दगडाची देवळं होती, त्र्यंबकचे डोंगर होते. पौराणिक कथांसाठी लागणारं सगळं नेपथ्य देवाने आणि पेशव्यांनी आधीच उभं करून ठेवलेलं. पाऊस मुंबईच्या मानाने बराच कमी, म्हणजे उन्हाचे दिवस जास्त. गार रात्रींचाही उपयोग होता: उकाड्यात फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडतं, आणि धुताना चित्राचा थर सुटण्याची भीती असते.

इथे आधी ‘मोहिनी भस्मासुर’ झाला. चित्ताकर्षक नाटक मंडळीतल्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. ‘हरिश्चंद्रा’च्या वेळी तारामतीसाठी एकही स्त्री मिळाली नव्हती. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले होते. वर्षभरात मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. या कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई. दुर्गाबाईंनी त्या काळी किती बोलणी खाल्ली असतील याची कल्पना आज करता येणार नाही.

साळुंक्यांचा प्रवास तर या संस्थेचं खरं प्रगतिपुस्तक आहे. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये ते एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही झाले. आणि १९२०च्या दशकात हेच साळुंके कॅमेऱ्यामागे गेले, छायाचित्रणकार म्हणून त्यांचं नाव लागू लागलं. पहिल्या ‘हरिश्चंद्रा’चे छायाचित्रकार त्र्यंबक तेलंग हे फाळक्यांचे त्र्यंबकेश्वरचे बालमित्र. त्यांनाही फाळक्यांनीच कॅमेरा शिकवला. हातदांड्याच्या एका फेरीत आठ चौकटी पुढे सरकत, म्हणजे सेकंदाला दोन फेऱ्या, आणि त्याही एकसारख्या लयीत. हात अडखळला तर पडद्यावरचा राजा तुरुतुरु पळू लागे. हे पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी उभं राहून येतं. फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून लाल शालू पडद्यावर काळा येई आणि अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चाले. असं बारीकसारीक ज्ञान पंगतीत, अंगणात, धुलाईच्या खोलीत एकाकडून दुसऱ्याकडे जाई. छायाचित्रणाची शाळा म्हणून पाटी कुठे नव्हती, पण शिकून बाहेर पडलेली माणसं होती.

फाळक्यांनी कॅमेरा देवादिकांवरच रोखला, असाही एक गैरसमज आहे. त्यांच्या चित्रपटांच्या सूचीत ‘नाशिक-त्र्यंबक येथील देखावे’, ‘सिंहस्थ पर्वणी’, ‘तळेगाव काच कारखाना’ अशी नावंही येतात. आगकाड्या एकेक चौकट हलवून केलेला ‘आगकाड्यांची मौज’ आहे. स्वतःचीच कार्यशाळा दाखवणारा ‘चित्रपट कसे तयार करतात’ आहे. गावाने स्वतःला पडद्यावर पाहावं, काचेचा कारखाना कसा चालतो ते बघावं, ही फोटोग्राफरची हौस त्यांच्यात शेवटपर्यंत राहिली. यातलं फार थोडं उरलं, याची हळहळ मला ‘हरिश्चंद्रा’च्या हरवलेल्या रिळांपेक्षा अधिक वाटते. नाशिकची ती पर्वणी आज बघायला मिळाली असती तर!

पहिल्या महायुद्धाने या बिऱ्हाडाची कसोटी पाहिली. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडले, कच्ची फिल्म दुर्मीळ झाली. एवढ्या माणसांचा रोजचा खर्च मात्र थांबत नव्हता. ‘लंकादहन’ने सावरलं. त्या चित्रपटाच्या तिकिटांची चिल्लर पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, असं सांगतात. मग भांडवलदार स्वतःहून आले आणि १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. मुंबईचे वामन श्रीधर आपटे आणि मायाशंकर भट्ट हे भागीदारांपैकी. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९चा ‘कालिया मर्दन’ याच कंपनीचे. दोन्हीत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला तिचा चेहरा जवळून दाखवला आहे: नुसते भाव, एकामागून एक. ही पोर अभिनय करू शकते हे आधी पाहा आणि मग कृष्ण पाहा, असं बाप प्रेक्षकांना सांगतो.

पण पैसा भागीदारांचा आणि बिऱ्हाड फाळक्यांचं, हे गणित जुळेना. भागीदारांना खर्चाचा तपशील हवा होता. फाळक्यांना एखादं दृश्य मनासारखं होईपर्यंत वेळ हवा होता. वर्षभराच्या आतबाहेर ते कंपनी सोडून काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहीत बसले. काही वर्षांनी परत आले, पण पगारी माणूस म्हणून. बहुतेक चरित्रलेखक इथे भागीदारांना खलनायक करतात. मला ते पटत नाही. बिऱ्हाड प्रेमाने चालतं, पण त्यात कोणाचं काम किती रुपयांचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. सरस्वतीबाईंच्या रात्री कुठल्या खात्यावर पडल्या? साळुंक्यांना शिकवण्यात गेलेला वेळ भांडवल की खर्च? कंपनी कायद्याने हे प्रश्न विचारले तेव्हा फाळक्यांकडे उत्तर नव्हतं, आणि भागीदारांना तर हे प्रश्न आहेत हेच दिसलं नाही. आजही आपल्या गावांत चार मित्र मिळून फोटोचा किंवा व्हिडिओचा स्टुडिओ काढतात आणि तीन वर्षांत बोलेनासे होतात, तेव्हा कारण बहुधा हेच असतं. कॅमेरा कोणाचा ते कागदावर असतं, शिकवणं आणि जेवण कोणाचं ते नसतं.

१९३०च्या सुमारास बोलपट आले. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून १९३२ साली पुरा झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. हिंदुस्थान कंपनीही टिकली नाही. फाळक्यांनी १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ केला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचं निधन झालं.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज फाळके स्मारक आहे. बाग आहे, कारंजी आहेत, सुट्टीच्या दिवशी मुलांची गर्दी असते. त्या मुलांसाठी तिथे एक अंधारी खोली हवी. लाल दिवा, छिद्रं पाडण्याचं एक यंत्र, धुलाईची पात्रं, आणि शिकवायला नाशिकमधला एखादा जुना फोटोग्राफर, ज्याने स्वतः फिल्म धुतली आहे. अशी माणसं गावात अजून आहेत. बाहेर अंगणात बिनछपराचं एक नेपथ्य आणि एक पांढरी चादर ठेवली तर मुलं आपोआप चादर धरायला धावतील. खोलीला नाव द्यायचं झालं तर सरस्वतीबाईंचं द्यावं.